कुंपणापर्यंत

डिसेंबरात साताऱ्याकडच्या माळावर ऊन चढायला आठ-साडेआठ वाजतात. तोवर बांधावरचा सरडा जागा असला तरी काही कामाचा नसतो. रात्र त्यानं घाणेरीच्या नाहीतर बाभळीच्या बारीक फांदीच्या टोकाशी काढलेली असते, चारी पायांनी काडी घट्ट धरून. अंग गार, रंग फिका. या वेळी तो हाताला सहज लागतो. धरलाच तर तोंड उघडतो, चावण्याचा आव आणतो, पण पळत नाही. पळायला लागणारी ऊब अजून अंगात आलेली नसते. मग ऊन फांदीपर्यंत पोचतं. सरड्याचा रंग गडद होत जातो, बरगड्या फाकवून तो चपटा होतो आणि सगळी कूस उन्हाकडे करून बसतो. अर्ध्या तासानं हात पुढे करून पाहा. फांदी तेवढी हलताना दिसेल.

एप्रिलच्या दुपारी त्याचं सगळं उलट चालतं. रंग उजळलेला, तोंड सूर्याकडे, म्हणजे उन्हाच्या वाट्याला कमीत कमी अंग यावं. पोट दगडापासून उचललेलं, कधी पायाची बोटंसुद्धा वर धरलेली. थोड्या वेळानं तो दगडाच्या पलीकडच्या अंगाला सरकतो, तिथून बुंध्याच्या सावलीत, तिथून एखाद्या भेगेत. दुरून पाहणाऱ्याला वाटतं, याला काही उद्योग नाही, उगीच इकडचा तिकडे होतोय. पण घाम गाळून आणि कुडकुडून आपलं शरीर जे साधतं, तेच तो पायांनी साधत असतो.

शाळेत आम्हाला हे असं कुणी सांगितलं नव्हतं. थंड रक्ताच्या प्राण्यांच्या शरीराचं तापमान सभोवतालच्या तापमानाप्रमाणे बदलतं, एवढं एक वाक्य, आणि परीक्षेत त्याला एक गुण. त्या वाक्यातला सरडा बिचारा, हवा जशी ठेवील तसा राहणारा. खुद्द शास्त्रज्ञांचंही बराच काळ साधारण असंच मत होतं. ते बदललं ते १९४४ साली. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघांनी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्याच्या वाळवंटात सरडे आणि साप पकडून त्यांच्या अंगाचं तापमान मोजलं. वाळवंटाचं तापमान सकाळपासून दुपारपर्यंत कुठल्या कुठे जातं. पण हिंडत्याफिरत्या सरड्याचं तापमान मात्र दर वेळी ठरावीक दोन-चार अंशांच्या पट्ट्यात सापडायचं. आणि प्रत्येक जातीचा पट्टा वेगळा. सकाळी उन्हात, दुपारी झुडपाखाली, संध्याकाळी तापलेल्या वाळूला पोट लावून ते आपला आकडा सांभाळत होते. काही वाळवंटी सरड्यांचं रक्त तर भर दुपारी आपल्या रक्तापेक्षा गरम निघतं.

त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट पुढे आली, ती जास्त क्रूर आहे. सरड्याला सावलीत जाऊ दिलं नाही, उन्हातच अडकवून ठेवलं, तर तो काही मिनिटांत मरतो. वाळवंटात जन्मलेला, वाळवंटातच वाढलेला प्राणी, आणि वाळवंटाचं ऊन त्याला तासभरही सोसत नाही. एका ठरावीक तापमानाला त्याचे पाय भरकटायला लागतात, पालथा केला तर सुलटं होता येत नाही, आणि मग त्या उन्हातून बाहेर पडायची शक्तीच उरत नाही. त्या बिंदूला काउल्स-बोगर्ट यांनी दिलेली संज्ञा या शास्त्रात आजही चालते. काउल्सबद्दल आणखी एक गोष्ट मला फार आवडते. या गृहस्थानं सरड्यांसाठी मापाचे फरकोट शिवले होते. कोट घातलेला सरडा उन्हात बसला तर काय होतं, हे त्याला पाहायचं होतं. व्हायचं काय? बाहेरचं ऊन आत शिरेना. आतून ऊब तयार होत नाही, त्याला कोट हा अडथळाच.

आपण पोटात चूल पेटती ठेवतो. रात्री झोपलो तरी ती विझू देत नाही, आणि दिवसभर जे खातो त्यातलं बहुतेक त्या चुलीतच जातं. सरड्याला हा खर्च नाही. कीटक खाणाऱ्या लहानशा पक्ष्याला एका दिवसाला लागेल तेवढं अन्न तितक्याच वजनाच्या सरड्याला महिनाभर पुरतं. चिमणी सकाळपासून अंधार पडेपर्यंत खाण्याच्या मागे असते आणि सरडा तासन्‌तास दगडावर बसून राहतो, यात आळस-उद्योगाचा काही संबंध नाही. दोघांच्या गरजाच वेगळ्या. अन्न कमी आणि ऊन भरपूर अशा मुलखात सरड्याची रीत जास्त परवडते. म्हणूनच दुष्काळी माळावर सस्तन प्राणी शोधावे लागतात आणि सरडे पावलोपावली भेटतात.

या स्वस्ताईची किंमत मात्र जागेत मोजावी लागते. सरड्याला नुसतं ऊन पुरत नाही, नुसती सावलीही पुरत नाही. दोन्ही हवीत, आणि एकमेकांपासून धावत जाता येईल इतक्या अंतरावर हवीत. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण ज्याची झेप तोकडी त्याला हिणवायला म्हणतो. म्हण पडली कशी ते कळतं. हाकललेला सरडा नेहमी कुंपणातच शिरतो. पण जुन्या धाटणीचं कुंपण डोळ्यांपुढे आणून पाहा. कोकणात जांभ्या दगडांचा गडगा, देशावर शेराचं नाहीतर निवडुंगाचं कुंपण, पायथ्याशी वेचून टाकलेले दगड, मधून वर आलेली एखादी बोर. वरच्या दगडावर सकाळचं ऊन सगळ्यांत आधी येतं. दगडांच्या फटीत मे महिन्यातही गारवा असतो. पूर्वेची बाजू तापली की पश्चिमेची निवलेली मिळते. मुंग्या तिथंच, किडे तिथंच, ससाणा आला तर लपायलाही तिथंच. सरड्याला दिवसभरात लागणारी सगळी तापमानं त्या दोन हात रुंदीच्या पट्ट्यात हारीनं मांडलेली असतात. याहून लांब त्यानं धावावं तरी कशाला?

कुंपणाचे गिऱ्हाईक इतरही असतात. तारेच्या टोकावर बसलेला चतुर दुपारी शेपूट सरळ सूर्याकडे उभारतो. लहानपणी ती ऐट वाटायची. शेपूट उभी केली की अंगावर पडणारं ऊन कमी होतं, एवढाच त्यात हेतू असतो. फुलपाखरं सकाळी पंख पसरून बसतात आणि ऊन चढलं की मिटून घेतात. नाकतोडे गवताच्या पात्याला वेढा घालत सावलीच्या बाजूला सरकतात. एकदा हे डोळ्यांत भरलं की बांधावरून चालणं अवघड होतं. दर पावलाला कुणीतरी ऊन-सावलीचा हिशोब करत बसलेलं दिसतं.

हिशोब म्हटल्यावर त्यात खर्चाची बाजूही आली. रेमंड ह्यूई नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९७०च्या दशकात पोर्तो रिकोतल्या एकाच जातीचे सरडे दोन ठिकाणी तपासले. मोकळ्या जागेतले सरडे नेटानं ऊन खायचे आणि आपलं तापमान राखायचे. जंगलातले त्यांचेच भाईबंद तसली काही धडपड करत नव्हते, हवेबरोबर आपलं तापमान खालीवर होऊ देत होते. कारण सरळ होतं. दाट जंगलात उन्हाचा कवडसा लांब असतो, आज इथं तर घटकेनं तिथं. तो गाठायला जितकी शक्ती आणि जितका धोका पत्करायचा, तितका त्यात लाभ नाही. ऊन फुकट असतं हे आपलं म्हणणं. उन्हात बसायचं तर सरड्याला उघड्यावर यावं लागतं, आणि उघड्यावर घार-ससाण्याची नजर असते.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर याचं एक वेगळंच रूप पाहायला मिळतं. वर पवनचक्क्यांचं रान आणि खाली कातळावर उन्हाळ्यात गळ्याचा पंखा उघडून दाखवणारे सरडे, निळा, काळा, नारिंगी अशा रंगांचे. यांच्या गटाला २०१६ मध्ये शास्त्रीय नाव देताना अभ्यासकांनी आपला मराठी ‘सरडा’च घेतला, ही एक सुखाची गोष्ट. २०१८ मध्ये याच पठारावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी फार कमी झाले होते, जवळपास चौथाईवर आले होते, आणि सरड्यांची दाटी तिप्पट झाली होती. त्यांच्या रक्तातलं भीतीचं रसायन उतरलं होतं, माणूस खूप जवळ येईपर्यंत ते हलत नव्हते. ऐकायला हा स्वर्ग वाटतो. पण हे निर्धास्त सरडे अंगानं हडकुळे होते आणि त्यांच्या गळ्याचे रंग फिके पडले होते. तोंडं वाढली, खाणं तेवढंच राहिलं. हा अभ्यास तापमानाचा नव्हता. मला मात्र तो वाचताना सारखं वाटत राहिलं की उन्हात किती वेळ बसायचं हे ठरवणारा एक कारभारी आकाशात फिरत असतो, आणि तो गेला की खालची सगळी घडी बदलते.

घरातली पाल हा प्रकार निराळा. ती रात्रीची, तिला सूर्य भेटतच नाही. पण पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि ती ऊब रात्री उशिरापर्यंत सोडत राहते. पाल पोट लावून त्या भिंतीवर बसते, आणि ट्यूबलाइटच्या पट्टीमागे तर तिला ऊबही मिळते आणि जेवणही. पुण्यात थंडी पडली की पाली तसबिरींच्या मागे नाहीशा होतात. आजी म्हणायची, देवाच्या मागे लपल्यात, राहू दे. होळीनंतर त्या परत हजर. आमच्या घरात त्यांना हाकलण्याचा कार्यक्रम दर वर्षी व्हायचा आणि दर वर्षी फसायचा. सिमेंटची भिंत असेपर्यंत तो फसणारच.

सापांच्या बाबतीत ऊब आणि जेवण यांचं नातं आणखी सक्तीचं आहे. भक्ष्य गिळल्यावर साप ऊन शोधतो. पोटातला उंदीर पचायला उष्णता लागते. ती मिळाली नाही तर पचनाआधी कुजणं सुरू होतं आणि साप खाल्लेलं ओकून टाकतो. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अजगर हिवाळा साळिंदरांच्या बिळांत काढतात आणि ऊन पडलं की बिळाच्या तोंडाशी येऊन वेटोळी घालून पडून राहतात. हाच अजगर एका बाबतीत सगळे नियम मोडतो. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालते आणि हवा गार झाली की अंगाचे स्नायू आखडून-सोडून स्वतः ऊब तयार करते, चक्क कुडकुडते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहात १८४१ साली अंड्यांवर बसलेल्या मादीचं तापमान मोजून ही ऊब नोंदवली गेली, आणि १९६६ मध्ये अमेरिकेत ती पुन्हा नेमकेपणानं मोजली: हवा ३३ अंशांच्या खाली गेली की मादीचे झटके सुरू. दोन महिने बहुतेक उपाशी राहून ती हे करते. बाहेरून घेऊनच जगायचं असा ज्याच्या कुळाचा शिरस्ता, तो प्राणी फक्त पोरांसाठी आतला विस्तव पेटवतो.

मला सगळ्यांत जास्त विचारात पाडलं ते तापाच्या प्रयोगांनी. ताप म्हणजे आपल्या आतल्या यंत्रणेनं वाढवलेलं तापमान. मग ज्याला ती यंत्रणाच नाही त्याला ताप येईल कसा? मिशिगन विद्यापीठातल्या मॅथ्यू क्लूगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४-७५ च्या सुमारास वाळवंटी इग्वानांना जिवाणू टोचले आणि एक बाजू गरम, एक बाजू गार अशा पेटीत सोडलं. आजारी सरडे चालत गरम बाजूला गेले आणि नेहमीपेक्षा दोनेक अंश जास्त तापून बसले. ताप आला नव्हता, त्यांनी तो जाऊन आणला होता. ज्यांना कमी तापमानात कोंडून ठेवलं त्यांतले पुष्कळसे मेले. ज्यांना तापू दिलं त्यांतले पुष्कळसे जगले. पुढे आजारी सरड्यांना ॲस्पिरिनच्या जातीचं ताप उतरवणारं औषध दिलं. औषध लागू पडून ज्यांनी गरम बाजू गाठली नाही, ते वाचले नाहीत. घरात कुणाचं अंग कोमट झालं की क्रोसिनची पट्टी शोधणाऱ्या माणसांत मीही आहे आणि डॉक्टरांचं ऐकण्यातच शहाणपण आहे. पण काटेरी झुडपाखालचा एखादा सरडा वेळी-अवेळी उन्हात पडलेला दिसला की आता वाटतं, याला बरं नसेल.

इथवर सगळं सरड्याच्या बाजूचं झालं. गारठ्याशी तर या प्राण्यांनी अशा काही तडजोडी केल्या आहेत की विश्वास बसत नाही. अलास्कातला एक वनबेडूक हिवाळ्यात पालापाचोळ्याखाली गोठतो. शब्दशः गोठतो. अंगातल्या पाण्याचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग बर्फ होतो, श्वास थांबतो, काळीज थांबतं. त्याआधी यकृतानं रक्तात साखर ओतलेली असते, त्यामुळे पेशींच्या आतलं पाणी तेवढं गोठत नाही. उणे १६ अंश आणि त्याखालीही तो असा सहा-सात महिने टिकतो आणि वसंतात वितळून उडी मारत निघून जातो. दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रातल्या माशांच्या रक्तात बर्फाचे कण वाढू न देणारी प्रथिनं आहेत, आर्थर डीव्हरीजनं ती १९६०च्या दशकात शोधली. थंडीच्या बाजूला उतरायला अशा नाना पायऱ्या आहेत, आणि जीवसृष्टी एकेक करून त्या उतरत गेलेली दिसते.

वरच्या बाजूला तसं नाही. बहुतेक सरड्यांची सोसण्याची हद्द चाळीस ते पन्नास अंशांच्या मधेच कुठेतरी संपते, मग ते कुठल्याही देशातले असोत. ज्या तापमानाला सरडा सगळ्यांत चपळ असतो, जिथं त्याला सगळ्यांत बरं वाटतं, ते त्या हद्दीपासून काही मोजक्या अंशांवर असतं. म्हणजे बरं वाटण्याच्या जागेवरून थंडीकडे मोठं मैदान आणि उष्णतेकडे चार पावलांवर कडा. उष्ण कटिबंधातल्या प्राण्यांना तर तो कडा आणखी जवळ. थंड प्रदेशातल्या किड्याला जग दोन अंश तापलं तर कदाचित बरंच वाटेल. आपल्याकडच्या किड्याला तेवढी सवड नाही.

असं का असावं, याचं एक उत्तर बोगर्टच्याच विचारातून निघतं आणि ते मला चटका लावून जातं. सरड्याला नेहमी सावली सापडत आली. जास्त तापलं की दोन पावलं सरकायचं, काम भागलं. शरीराला जास्त उष्णता सोसायला शिकण्याची वेळच आली नाही. लाखो वर्षं पायांनी शरीराला वाचवलं, म्हणून शरीर जुनंच राहिलं. हुशारीनं टळलेली प्रत्येक अडचण देहाच्या वाट्याला न आलेला धडा ठरली. आता सावलीच आटली, तर पायांची हुशारी वापरायची कुठे?

मेक्सिकोत याचं उत्तर मिळायला लागलं आहे. बॅरी सिनर्वो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काटेरी खवल्यांच्या सरड्यांच्या २०० जुन्या नोंदलेल्या जागा पुन्हा पालथ्या घातल्या. १९७५ नंतरच्या काळात त्यांतल्या १२ टक्के जागांवरून सरडे नाहीसे झालेले निघाले, आणि त्यांतल्या कित्येक जागी जंगल जिथल्या तिथं होतं. २०१० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मला वाटलं होतं सरडे उन्हानं होरपळून मेले असतील. तसं नव्हतं. होरपळण्याइतके मूर्ख ते नाहीत. तापलं की ते बिळात जात होते. पण वसंतात, विणीच्या दिवसांत, बिळात बसण्याचे तास वाढत गेले. बिळात किडे नसतात. मादीच्या अंगी अंडी पोसण्याइतका ऐवज जमेना. सावलीत सुरक्षित बसून एकेका जागेची पुढची पिढीच आली नाही. उष्णतेनं मरण्याचा हा प्रकार कुठल्या थर्मामीटरवर दिसणार?

आपल्या कातळसड्यांवर असं काही चाललं आहे असा दावा मी करणार नाही. पण त्या सड्यांकडे आपण बघतो कसे, हे सांगता येतं. सातबाऱ्यावर पडीक. मग तिथले सुटे दगड कुणाच्या तरी बांधकामाला जातात, कुठे जेसीबी लावून सपाटी होते, कुठे जुलैत खड्डे पाडून रोपं लावतात आणि फोटो काढतात. सुट्या दगडाखाली कोण राहतं ते पाहायला कुणी वाकत नाही. खाली शेतांतही तीच तऱ्हा. बांध कोरण्यावरून आपल्याकडे भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या वैर चालतं. ट्रॅक्टर आल्यावर तो वीतभर उरला आणि त्यावरची बोर-निरगुडी गेली. गावाकडच्या घरांना गडग्याऐवजी चिऱ्याची किंवा सिमेंटची गुळगुळीत कंपाउंड वॉल आली, आत पेव्हर ब्लॉक. घर बांधणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. गडगा दर पावसाळ्यानंतर डागडुजी मागतो आणि ती करणारे हात आता मुंबईत आहेत. पण तापमानाच्या दृष्टीनं ती भिंत म्हणजे एकच एक जागा. सकाळी सगळी गार, दुपारी सगळी तप्त. फट नाही, काळोख नाही, सरकायला पलीकडची बाजू नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००९ मध्ये आकडेमोड करून दाखवलं होतं की उष्ण प्रदेशातल्या अशा प्राण्यांचं पुढचं भवितव्य हवा किती तापते याच्याइतकंच जमिनीवर सावली किती उरते यावर ठरेल. हवेचं आपल्या हातात फारसं नाही असं म्हणायची सोय आहे. सावलीबाबत तीही नाही.

एक काळ मात्र असा असतो की यांतल्या कुणालाच सरकता येत नाही. अंड्यातला. आणि नेमक्या त्याच काळात तापमान त्यांच्यापैकी अनेकांचं लिंग ठरवून टाकतं. ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तीही एका सरड्यावरूनच. मादलेन शार्निए या फ्रेंच अभ्यासिकेनं १९६६ मध्ये सेनेगलमधल्या डाकार इथं ती नोंदवली आणि पुढची काही वर्षं तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. सांगलीजवळ कृष्णेच्या मळीवर हिवाळ्यात जबडा उघडून ऊन खाणाऱ्या मगरी आपण सगळ्यांनी पाहिल्यात, निदान फोटोत तरी. तो आ वासलेला जबडा डोकं जास्त तापू नये म्हणून. या मगरीच्या अंड्यांवर मद्रास क्रोकोडाइल बँकेत प्रयोग झाले, १९८९ मध्ये ते छापून आले. २८ ते ३१ अंशांत उबवलेल्या अंड्यांतून सगळ्या माद्या. ३२.५ ला सगळे नर. त्याच्या जरा अलीकडे-पलीकडे दोन्हींची सरमिसळ. दीड अंशाच्या फरकात अख्खी वीण नराची की मादीची ते ठरतं, आणि हे सारं घरटं कुठे खणायचं या आईच्या एका निवडीवर.

चीनमधल्या काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की मऊ पाठीच्या कासवाचं पिल्लू अंड्याच्या आतसुद्धा उबदार बाजूकडे सरकतं. २०११ मध्ये त्यांनी तसं दाखवलं. इतरांनी त्यावर शंकाही घेतल्या आहेत. खरं असो-नसो, कल्पना मला भावते. मुठीत मावणाऱ्या कवचाच्या आतही कुणीतरी आपला कोपरा शोधतंय.

समुद्री कासवांचं गणित मगरीपेक्षा सोपं आणि जास्त काळजीचं. वाळू गार तर नर, वाळू गरम तर माद्या; ऑलिव्ह रिडलेच्या बाबतीत सीमारेषा साधारण २९ ते ३० अंशांच्या आसपास. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांची २०१८ मध्ये मोजदाद झाली तेव्हा कोवळ्या पिढीत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं आणि गावकऱ्यांनी मिळून कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आणि तिथून हे काम किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत पसरलं. अंडी कोल्ह्याकुत्र्यांनी आणि माणसांनी खाऊ नयेत म्हणून काळजीपूर्वक उचलून हॅचरीत पुरतात. पहाटे आणि संध्याकाळी टोपली उचलून पिल्लं सोडताना पाहायला मुंबई-पुण्याहून माणसं येतात, होमस्टेत राहतात, उकडीचे मोदक खातात. फार चांगलं काम आहे, आणि त्यातून गावाला चार पैसे मिळतात हे तर उत्तमच.

पण अंडी उचलली त्या क्षणी कासविणीनं केलेली निवड संपली आणि माणसाची सुरू झाली. हॅचरी उघड्यावर घ्यायची की सुरूच्या झाडांलगत, खड्डा किती खोल, पाणी शिंपडायचं का, वर हिरवी जाळी बांधायची का, या प्रत्येक प्रश्नाच्या पोटात नर-मादी दडलेले आहेत. जगातल्या कितीतरी हॅचऱ्यांत आता सावलीची जाळी बांधतात. जाळीखाली वाळू थोडी निवते, नर वाढतात, पण अंडी फुटायलाही जास्त दिवस लागतात, आणि ओल जास्त झाली तर बुरशी धरते. मार्चअखेरीस पुरलेल्या घरट्याला फारच तापलेली वाळू मिळते आणि पिल्लं आतच दगावतात. डिसेंबरच्या घरट्याला ती अडचण नसते. म्हणून जाळी सगळ्या हंगामभर ठेवायची की फक्त शेवटच्या घरट्यांवर, यावर मतं वेगवेगळी आहेत. कासवमित्र वाळूत तापमापी खुपसतात, वहीत आकडे मांडतात. या वाळूतून निघालेली पिल्लं विणीला यायला दहा-पंधरा वर्षं लागतील. तोवर यंदाची जाळी बरोबर होती की नाही ते कुणालाच कळणार नाही, आणि ती बांधायची की नाही हे तर याच आठवड्यात ठरवायचं असतं.